कृतज्ञतेसाठी कविता कशी वाचावी? आठवड्याला एक पुरे

शेतात पेरणी झाली की पहिले काही दिवस तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. नुसती काळी माती. बहिणाबाई चौधरींनी नेमके तेच दिवस कवितेत धरले आहेत:

धरित्रीच्या कुशीमधी
बीयबियानं निजलीं
व्हऱ्हे पसरली माती
जशी शाल पांघरली

पुढे बी भुईत टरारतं, कोंब वर येतात आणि प्रत्येक कोंबातून दोन पानं निघतात, ‘जसे हात जोडीसन’. मग ती पानं टाळ्या वाजवतात आणि मागणं मागतात, ‘होऊ दे रे आबादानी’. जोडलेले हात म्हणजे कृतज्ञता आणि आबादानीचं मागणं म्हणजे आशा. बोटभर रोपात दोन्ही आहेत, आणि ‘आभार मान’ किंवा ‘आशा सोडू नकोस’ असा उपदेश मात्र कुठेच नाही. माझ्या मते कविता वाचून मन बदलतं ते अशाच वाटेनं. ती आपल्याला एखादी वस्तू नीट दाखवते आणि ती नीट दिसली की तिच्याबद्दलचं ऋण आपोआप वाटू लागतं. हे रोजच्या धबडग्यात कसं जमवायचं, ते सांगते.

कविता निवडा, पण एकच

मोठा संग्रह विकत घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. सहाव्या पानावर तो मिटतो आणि वर अपराधी वाटतं. आठवड्याला एक कविता पुरे. पहिली कविता शाळेतली घ्या, कारण ती अर्धी पाठ असतेच. बालकवींची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ आठवत नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळा. घरात जुनं पाठ्यपुस्तक नसेल तर शेजारच्या मुलाचं मागून घ्या.

निवडताना एक कसोटी लावा. कवितेत हाताला लागेल असं काही आहे का? तवा, घरटं, पाऊस, ओटी, बैल? नुसतं ‘हसत जगा, पुढे चला’ असेल तर ती बाजूला ठेवा. भिंतीवर टांगायला ती चांगली दिसेल, पण वाईट दिवशी तिचा आधार मिळत नाही.

तिला एखाद्या कामाला बांधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘वेळ मिळेल तेव्हा वाचू’ म्हटलं की वेळ कधीच मिळत नाही.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात त्यांचा जन्म झाला आणि सगळं आयुष्य शेतात नि घरकामात गेलं. त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात काम करता करता जुळल्या. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि घरातले इतर त्या उतरवून घेत, म्हणून त्या राहिल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे ही कविता कागदावर येण्याच्या कितीतरी आधी हातांच्या लयीत होती. जात्याचा एक फेरा, ओवीची एक ओळ. आपल्याकडे आता जातं नाही, पण हात गुंतलेले आणि मन मोकळं असे क्षण दिवसात भरपूर असतात.

तुमचा क्षण शोधा. तवा तापेपर्यंतची दोन मिनिटं चालतील, किंवा कपडे वाळत घालताना, लोकलची वाट बघताना, रात्री दाराची कडी लावून दिवा मालवायच्या आधी. कविता हातानं कागदावर उतरवा आणि तो कागद त्याच जागी चिकटवा. फोनमध्ये ठेवू नका. फोन उघडला की कवितेच्या आधी दुसरंच काहीतरी समोर येतं. माझा कागद ओट्याच्या वरच्या फडताळाला आतून लावलेला आहे. फोडणीच्या तेलाचे डाग पडले की नवा लिहिते, आणि त्या लिहिण्यात कविता पुन्हा एकदा होते.

मोठ्यानं वाचा, तीनदा

पहिल्यांदा फक्त नाद ऐका. अर्थाच्या मागे लागू नका.

दुसऱ्यांदा अडणाऱ्या शब्दापाशी थांबा. बहिणाबाईंच्या बोलीत पुष्कळदा ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. मियते म्हणजे मिळते, कये म्हणजे कळे. एवढी किल्ली हातात आली की निम्मी अडचण संपते. ‘टरारे’सारख्या शब्दाला तर अर्थ विचारायचीही गरज नाही. तोंडानं म्हणून बघा, बी फुगून फुटल्याचं जिभेलाच कळतं.

तिसऱ्यांदा, कुठली ओळ मागे राहिली ते बघा. ती एकच ओळ दिवसभर सोबत न्या.

संध्याकाळी एक ओळ लिहा

‘आज मी कशाकशासाठी कृतज्ञ आहे’ अशा याद्या मीही करून पाहिल्या. चौथ्या दिवशी कुटुंब, आरोग्य, मित्र हेच शब्द पुन्हा उमटतात आणि वही कोरडी पडते. त्याऐवजी कवितेनं शिकवलं तसं करा. आज जे खरंच पाहिलं ते त्याच्या नावानिशी लिहा, एकाच ओळीत.

‘दुधावर आज जाड साय आली.’ ‘रिक्षावाल्या काकांनी पावसात पडदा खाली सोडला, मी न सांगता.’ ‘आईचा आवाज कालच्यापेक्षा बरा होता.’

आभार हा शब्द लिहायचा नाही. महिन्यानं वही उघडाल तेव्हा तो ओळीओळीत सापडेल.

आशेसाठी काळोखातल्या कविताही वाचा

इथे बरेच जण चुकतात. मन खचलं की फक्त उजळ कविता शोधतात आणि त्या खोट्या वाटू लागतात. ‘श्रावणमासी’ लिहिणाऱ्या बालकवींनीच ‘पारवा’ही लिहिली. त्या कवितेत पडकी, उद्ध्वस्त धर्मशाळा आहे. या दोन्ही कविता एका आठवड्यात पाठोपाठ वाचा. अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आधी, 1918 साली, ते खानदेशातच भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांच्या मनात ते ऊन आणि ती धर्मशाळा, दोन्ही मावली होती. आपल्याही मनात मावतील.

बहिणाबाईंना तर तिशीत वैधव्य आलं. ज्योतिषाला ‘माझ्या दारी नको येऊ’ असं बजावणारी त्यांची कविता मी आशेची कविता मानते. उद्या काय होणार हे त्यांना कुणाकडून ऐकायचंच नाही. ‘माझं दैव मले कये’ एवढं म्हणून ती बाई पुन्हा कामाला लागते. सगळं चांगलंच होईल अशी खात्री म्हणजे आशा नव्हे, हे मला त्या कवितेनं शिकवलं.

एक मात्र सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच जीव रमत नसेल, तर कवितेवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. कविता तेव्हाही सोबत असू द्या, औषध म्हणून नव्हे.

कुणाला तरी वाचून दाखवा

आठवडा संपताना ती कविता एका माणसाला ऐकवा. मुलगी परदेशात असेल तर तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. घरात आजी असेल तर तिला ऐकवा आणि थांबा. बहुधा तिच्याकडून एखादी ओवी परत येईल, कुठल्याही पुस्तकात नसलेली. ती लगेच लिहून घ्या. सोपानदेवांनी तेच केलं होतं.

आणि ज्या दिवशी कुणीतरी मनापासून दुखावलं असेल, त्या रात्री कागदावरची कविता राहू द्या, पसायदान म्हणा. नऊच ओव्या आहेत आणि बहुतेकांना पाठ आहेत. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ या चरणाशी थांबा. ज्ञानेश्वर दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात. त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून तो चरण म्हणून बघा. पहिल्या रात्री घशात अडकतो. मला तो सरळ म्हणता यायला अकरा रात्री लागल्या.