लिगेटीचं ‘देझॉर्द्र’ हातात बसवताना
संगीतकार ग्यॉर्ग लिगेटीच्या पियानोच्या १८ एत्यूदांपैकी (एत्यूद म्हणजे सरावासाठीची रचना) हे पहिलं, १९८५ सालचं. सूर शोधायला वेळ लागत नाही: उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्यांवर. जीव खातात ते आघात, म्हणजे जोर देऊन वाजवायचे सूर. म्हणून पहिला आठवडा पियानोचं झाकण उघडूच नका.

दोन्ही तळहात मांडीवर ठेवा. दोघांचे पहिले तीन बार (बार म्हणजे आवर्तनासारखा मात्रांचा एक गट) सारखे: ३+५, ३+५, ५+३ मात्रा, प्रत्येक आकड्याच्या पहिल्या मात्रेवर आघात. चौथ्या बारमध्ये डावा ८ मात्रा घेतो आणि उजवा ७. मी लहानपणी तबला शिकले, त्यामुळे माझ्या तोंडात ‘तकिट तकतकिट’ आपोआप आलं. तुम्हाला आकडे जवळचे वाटत असतील तर आकडे म्हणा, पण मोठ्याने म्हणा. एकेक हात वेगळा, न अडखळता, दुसऱ्याशी बोलता बोलता ठोकता आला पाहिजे.

मग पट्ट्यांवर या. आघाताचा सूर अंगठा आणि करंगळीने सप्तकात (तोच सूर खालचा आणि वरचा एकदम) वाजतो, मधले सूर हलके पळतात. आधी फक्त आघात वाजवा, मधल्या मात्रा तोंडाने म्हणा. ते पक्कं झालं की मधले सूर भरा, अगदी हळू आवाजात. मधले सूर जड झाले की आघात बुडतात आणि सगळं नुसतं भरभर वाजवल्यासारखं ऐकू येतं.

आता पाचवा बार. उजव्याची सम एक मात्रा आधी येते, डाव्याची नंतर. कानाला हे सहन होत नाही. तो डाव्याला पुढे ओढतो आणि तुम्हाला वाटतं, जमलं! जमलेलं नसतं. मी चौथ्या बारची शेवटची मात्रा आणि पाचव्याच्या पहिल्या दोन, एवढाच तुकडा रोज वीस मिनिटं घोटायचे. उजवा, डावा. उजवा, डावा. त्या दोन आघातांमधली फट स्पष्ट ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण पुढे ती वाढतच जाते.

काळ्या पट्ट्यांवर भूपाचे पाच सूर सापडतील. त्यांत रमू नका; डावा हात गायला लागला की त्याचा ठोका मऊ पडतो.

लयीबद्दल मनापासून सांगते. लिगेटीने मिनिटाला ६३ पूर्ण बार अशी लय दिलीय, म्हणजे ८ मात्रांच्या बारने मिनिटाला ५०४ मात्रा. मी १२० मात्रांवर सुरुवात केली, २०० वर नीट होते, आणि एका रविवारी अधीर होऊन थेट ३५० लावलं. उजवं मनगट धरलं, पंधरा दिवस पियानो बंद. दर आठवड्याला दहा मात्रा वाढवा, त्याहून जास्त नको. सप्तक वाजवल्यावर मनगट लगेच सैल सुटतंय का, एवढं बघत राहा.

दर शनिवारी फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त डाव्या हाताचे आघात पेन्सिलीने टेबलावर ठोका. जिथे पेन्सिल डावा सोडून उजव्याच्या आघातांवर पडली, सोमवारी तिथूनच सुरुवात करा.