ट्रंक उघडा, मग स्कॅनर बघा

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माहेरचे फोटो दोन जागी होते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कोरडी राहिली. भिंतीवरच्या फ्रेमा आणि खालच्या कपाटातले अल्बम बुडाले. घरातला चिखल उपसून झाल्यावर दादा ते सगळं गाडीत घालून डोंबिवलीला माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कर." अक्षराचा आणि स्कॅनिंगचा काय संबंध, ते मी विचारलं नाही. गेली काही वर्षं निवृत्तीतल्या दुपारी हे फोटो स्कॅन करायचंच काम करतेय, आणि एक स्कॅनर चुकीचा घेऊन झालाय, म्हणून हे लिहिते.

चूक अशी झाली की मी खोक्यावरचा आकडा बघून घेतला. 4800 डीपीआय, म्हणजे एका इंचात टिपले जाणारे ठिपके. स्कॅनर पातळ, देखणा, यूएसबीच्या एकाच वायरीवर चालणारा. घरी आणून पहिल्यांदा आई-आप्पांच्या लग्नाची फ्रेम ठेवली, तर दोघं वाफ धरलेल्या आरशात दिसावीत तशी आली. पुन्हा केलं, डीपीआय वाढवलं, काच पुसली. धूसर ते धूसरच. मला वाटलं यंत्रच बिघडलेलं आहे. बिघडलेलं काही नव्हतं, ते त्या कामाचंच नव्हतं.

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो पालथा ठेवायचे स्कॅनर, दोन जातीचे असतात. पातळ असतात ते सीआयएस. त्यांचा सेन्सर काचेच्या रुंदीएवढा लांब असतो आणि काचेला जवळजवळ चिकटूनच सरकतो. त्यामुळे काचेला टेकलेली वस्तू रेखीव येते, पण ती एक-दोन मिलिमीटर वर उचलली गेली की फोकस सुटतो. जाड, खोक्यासारखे असतात ते सीसीडी. त्यांच्यात आरशांवरून प्रकाश वळवून भिंगातून छोट्या सेन्सरवर पाडतात. आरशांना जागा लागते म्हणून यंत्र जाड, पण काचेच्या थोडं वर असलेलंही नीट दिसतं.

आमच्या फ्रेमेत नेमकं काय झालं होतं? ब्रोमाईड, म्हणजे जुन्या कृष्णधवल फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते भिजलं की फुगतं आणि वाळताना समोरच्या काचेलाच चिकटून बसतं. असा फोटो ओढून काढायचा नाही, चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. आमच्या काकूंनी एक असा काढला, त्याबद्दल घरात अजून कोणी बोलत नाही. काचेसकट स्कॅन करायचा. पण फ्रेमेची काच दोन मिलिमीटरची, म्हणजे फोटो स्कॅनरच्या काचेपासून तेवढा लांब. पातळ स्कॅनरचं गणित तिथेच संपतं.

तर दुकानात जायच्या आधी ट्रंक उघडा. जमिनीवर चादर अंथरा आणि ढीग लावा. सुटे सपाट फोटो एकीकडे. गुंडाळी झालेले, पुठ्ठ्यावर डकवलेले, काचेला चिकटलेले, काळ्या कागदाच्या अल्बममधून निघत नाहीत ते दुसरीकडे. निगेटिव्ह असतील तर तिसरीकडे. माझ्याकडे एकूण 860 भरले, त्यातले सव्वाशे दुसऱ्या ढिगात. तुमचा दुसरा ढीग दहा-वीसचाच असेल तर पातळ स्कॅनर खुशाल घ्या. तो स्वस्त असतो, उभा करून कपाटात ठेवता येतो, आणि सपाट फोटोंवर त्याचं काम उत्तम आहे. ते दहा-वीस फोटो जाड स्कॅनरवाल्या ओळखीच्या माणसाकडून करून घ्या.

मॉडेलांची नावं सांगायची तर कॅननचे लाइड 300 आणि लाइड 400 हे सीआयएस, अनुक्रमे 2400 आणि 4800 डीपीआयचे. एप्सनचा व्ही39 सुद्धा सीआयएस. एप्सनचे व्ही600 आणि व्ही850 सीसीडी आहेत. दुसरं कुठलं मॉडेल असेल तर माहितीपत्रकात 'सेन्सर' ही ओळ शोधा. ती सापडली नाही तर जाडी बघा आणि वेगळा अॅडॉप्टर लागतो का ते विचारा. पातळ आणि नुसत्या यूएसबीवर चालणारा असेल तर तो सीआयएस समजायला हरकत नाही. घरात प्रिंटरसोबतचा स्कॅनर असेल तर तोही बहुधा त्याच जातीचा. सपाट फोटो त्यावर 600 ला करून बघा, कदाचित काही विकत घ्यावंच लागणार नाही.

दुकानदाराचा शब्द नको असेल तर एक परीक्षा आहे. स्टीलची पट्टी घ्या, आकड्यांची बाजू खाली. एक टोक काचेला टेकवा, दुसऱ्या टोकाखाली रुपयाची दोन नाणी ठेवा, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर उंची होते. झाकण उघडं ठेवून 600 ला स्कॅन करा. मिलिमीटरच्या रेघा कुठपर्यंत सुट्या दिसतात आणि कुठे एकमेकींत मिसळतात ते बघा. माझ्या पहिल्या स्कॅनरवर पट्टीचा निम्मा भाग गेला. आता वापरते त्यावर शेवटची रेघसुद्धा मोजता येते.

आता डीपीआय. खोक्यावर दोन आकडे असतील तर 'ऑप्टिकल' लिहिलेला खरा. 'इंटरपोलेटेड' म्हणजे यंत्राने मधले ठिपके मनाने भरलेले, दुधात पाणी घालून लिटर वाढवावेत तसे. पण खरा आकडासुद्धा फारसा लागत नाही. लॅबमधून छापून आलेल्या चार बाय सहाच्या फोटोत 300 च्या वर तपशील क्वचित असतो, 600 ला केला की पुरून उरतं. 600 ला त्या फोटोची टिफ (न दाबलेली, पूर्ण तपशिलाची) फाइल सुमारे 26 एमबीची होते, 1200 ला 104. हौस म्हणून 4800 लावलंत तर एक फोटो दीड जीबीच्या वर जातो, आणि त्यात वाढीव दिसतो तो फक्त कागदाचा पोत.

अपवाद एकच, पण तो आपल्याकडे घरोघरी सापडतो. आप्पांकडे अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, बडोद्याला बनलेला. 120 च्या रोलवर बारा फोटो, आणि मोठे करायला पैसे पडत म्हणून निगेटिव्हएवढेच, सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी प्रिंट काढलेले. हे इवलेसे फोटो थेट निगेटिव्ह टेकवून काढलेले असतात, म्हणून त्यांच्यात भरपूर बारकावा असतो. 600 ला त्यांची बाजू सुमारे 1400 ठिपके येते, 1200 ला 2800. हे 1200 लाच करा. एका फोटोत मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं साल वाचता आलं आणि मामाच्या मुंजीचं साल ठरलं. दहा वर्षांचा वाद मिटला, म्हणजे मामी सोडून सगळ्यांच्या मते मिटला.

डीमॅक्स, म्हणजे यंत्राला किती गडद भागातला तपशील टिपता येतो, हा आणखी एक आकडा मिरवतात. निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी तो कामाचा. कागदावरचा काळा रंग तेवढा गडद नसतोच, त्यामुळे फोटोंसाठी त्याचे जादा पैसे मोजू नका.

निगेटिव्हचा ढीग मोठा असेल तर झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो, आणि त्याच्या चौकटीत 120 ची फिल्म बसते का ते आधी विचारा. व्ही600 मध्ये बसते. धूळ-ओरखडे आपोआप काढणाऱ्या डिजिटल आइसचं कौतुक ऐकाल. ते इन्फ्रारेडवर चालतं. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे तिथे ते चालत नाही. आप्पांचे सगळे रोल कृष्णधवल. माझ्या उपयोगाचं शून्य.

मी शेवटी जुना सीसीडी घेतला, ठाण्यात एका गृहस्थांकडून, सात हजारांना. जुना घेताना लॅपटॉप सोबत न्या, लाज वाटू देऊ नका. कोरा पांढरा कागद स्कॅन करा. लांबच्या लांब सरळ रेघ उमटली तर आत सेन्सरच्या वाटेत कचरा आहे. मग काळं कापड ठेवा. काळ्याऐवजी राखाडी, दुधाळ आलं तर काचेच्या आतून किंवा आरशांवर बुरा धरलाय. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत हे नेहमीचं, आणि खोलून पुसायची हिंमत नसेल तर तिथूनच परत फिरा. सरकताना खरखर येते का ऐका. अॅडॉप्टर मूळचाच आहे का बघा. आणि सर्वांत महत्त्वाचं, तुमच्या कॉम्प्युटरवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम, चालतो का. कंपन्या जुन्या मॉडेलांसाठी नवे ड्रायव्हर देणं कधीतरी थांबवतात. तिथे व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्रॅम कामी येतो, खूप जुनी यंत्रं तो चालवतो. लिनक्स असेल तर सेन (SANE) या तिथल्या स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत मॉडेल आहे का तपासा.

झाकण उचलून बघायला विसरू नका. अल्बम ठेवायचा तर ते बिजागरीतून वर सरकलं पाहिजे किंवा पूर्ण निघालं पाहिजे. काचेच्या कडेची पट्टी उंच असली तर मोठे फोटो नीट टेकत नाहीत. शाळेचे पुठ्ठ्यावरचे ग्रुप फोटो ए4 च्या काचेवर मावत नाहीत. ते दोन भागांत करून जोडायचे, दोन्हीत एक तृतीयांश भाग सामाईक राहील असे. जोडताना मधल्या रांगेतल्या एखाद्या बाईंना दोन नाकं आली की समजायचं, फोटो तिरका ठेवला होता.

चिकटलेल्या फोटोची पद्धत अशी. फ्रेमेची लाकडी चौकट काढा, काच आणि फोटो एकत्रच राहू द्या. स्कॅनरच्या काचेवर कडेकडेने कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवा आणि त्यांवर ही काच. काचेवर काच थेट ठेवली तर ओरखडे येतात आणि तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वलयं उमटतात. वरून दाबायचं नाही.

सेटिंगमध्ये आपोआप सुधारणा करणारं जे जे आहे ते बंद करा. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर म्हणजे चॅनेल असतात. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत ठळक असतात आणि लाल चॅनेलमध्ये बरेचसे विरतात, मग नुसता लाल घेऊन फोटो स्वच्छ निघतो. आमच्या घरातला 1980 नंतरचा रंगीत प्रत्येक जण उन्हात भाजल्यासारखा लालभडक झालाय, कारण त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो. असे फोटो 48 बिटला करा, त्यात रंगाच्या जास्त छटा साठतात आणि रंग परत ओढायला वाव राहतो. जाळीदार, रेशमी पोताच्या कागदावर बारीक ठिपक्यांची नक्षी चमकते. तो फोटो एकदा सरळ, एकदा काचेवरच अर्धा वळसा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्हींची सरासरी काढायची. नक्षी पूर्ण जात नाही, पण चेहऱ्यावरून हटते.

आणि मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली नावं, "चि. बाळ, वय 8 महिने" हे सगळं मागेच असतं. 300 ला पुरतं. या फाइललाही फोटोच्या फाइलचाच नंबर द्या, नंबरानंतर 'मागे' जोडून.

दिवाळीनंतर दादा स्कॅनर चिपळूणला नेणार आहे, वहिनीच्या माहेरचे फोटो करायला. बहुतेक जाड स्कॅनरांना तळाशी किंवा मागे वाहतुकीचं कुलूप, म्हणजे आतला सरकता भाग जागेवर अडकवणारा खटका, असतं, ते न लावता कशेडीच्या वाटेने नेला तर आतले आरसे जागेवर राहतील याची खात्री नाही. तो विसरणार हे मला माहीत आहे. म्हणून कुलूप मीच लावून ठेवलंय, आणि पोचल्यावर ते उघडायचं अशी चिठ्ठी काचेवर चिकटवली आहे. चांगल्या अक्षरात.