तापीच्या दरडीत सापडलेलं हाड जुनं की नवं, हे थरांवरून कसं ओळखायचं

हाड सापडलं की लोक आधी ते उपटतात आणि मग विचारतात किती जुनं असेल. हात लावायच्या आधी थर बघा. थरांवरून वर्षं कळत नाहीत, कोण आधीचं कोण नंतरचं एवढंच कळतं, आणि ते हाड जागेवर असतानाच कळतं.

मूळ नियम स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच सांगितलाय, खालचा थर आधी बसला, वरचा नंतर. पण विहिरीतली काळी, मुरूम, पाषाण ही उतरंड यात धरू नका, मुरूम म्हणजे तोच पाषाण कुजलेला, वेगळा थर नाही. पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, त्याच्या दोन थरांच्या मधे लाल गेरूचा पट्टा लागला तर तो मात्र कामाचा, खालचा लाव्हा थंड झाल्यावर वरचा यायला मधे बराच काळ गेला असं तो सांगतो.

दरडीसमोर लांब उभं राहून फोटो काढा, थरांना खालून वर नंबर द्या. पावसाळ्यात दरडीखाली जाऊच नका, ती सांगून कोसळत नाही.

आता खरी अडचण. मला एकदा पायथ्याच्या वाळूगोट्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दाढांसकट जबड्याचा तुकडा दिसला. वर पिवळट गाळाचे चार थर होते, म्हणून मी वहीत बिनधास्त 'सगळ्यात जुना' लिहिलं. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच दरड धुऊन स्वच्छ झाली तेव्हा तिथं एक तिरकी रेघ दिसली, पिवळे थर त्या रेघेपाशी कापल्यासारखे संपत होते आणि माझा वाळूगोटा त्यांच्या खाली जातच नव्हता, नुसता त्यांना टेकून बसला होता. नदीने आधी गाळ साचवला, मग स्वतःच तो खोल कापला आणि त्या खळग्यात नंतर नवा गाळ भरला. म्हणजे माझा 'सगळ्यात जुना' थर त्या चारही थरांपेक्षा नवा निघाला. वर्षभर मी तो जबडा चुकीचा सांगत फिरलो, अजून वाईट वाटतं.

म्हणून उंची मोजून वय ठरवू नका, कोणी कितीही ठामपणे सांगो. पावसाने दरडीवर चिखलाचा पडदा ओघळलेला असतो, तो खुरप्याने हातभर रुंद खरवडा आणि मग दोन्ही बाजूंना शंभर पावलं चालत तोच थर नजरेने धरून ठेवा. तो सलग जातो का, की तिरक्या रेघेवर तुटतो? तुटत असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंचे गोटे बघा. माझ्या वाळूगोट्यात पिवळ्या गाळाची ढेकळं आणि त्यातलेच चुनखडीचे खडे अडकलेले होते, आणि ज्याचे तुकडे दुसऱ्याच्या पोटात सापडतात तो आधीचाच असणार, याला अपवाद नाही.

हाच हिशोब साक्री-नंदुरबारकडच्या काळ्या दगडी भिंतींना लावा, ज्या मैलोनमैल डोंगरासारख्या उभ्या दिसतात. तो लाव्हा जुन्या थरांना चिरून भेगेत घुसलाय, म्हणून ज्यांना चिरलं त्यांच्यापेक्षा नवा.

थर नक्की झाला की हाडाकडे वळा. कडा गोटीसारख्या झिजल्या असतील तर ते दुसऱ्या जुन्या थरातून वाहून आलेलं असू शकतं, म्हणजे थरापेक्षा जुनं. सांधे जुळलेली हाडं एकत्र असतील तर ती बहुतेक तिथलीच. पायथ्याशी सुटं पडलेलं मोजूच नका.

आणि कृपा करून तापीच्या गाळातल्या प्रत्येक हाडाला डायनासोर म्हणू नका. आपला पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांचा, डायनासोर संपले तेही त्याच सुमाराला, आणि गाळ त्या पाषाणाच्या वर बसलाय. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली, ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची, त्याच्या खालच्या थरांत त्याहून जुनी दगडी हत्यारं. खान्देशात शहामृग होते हे कळलं ते कवचं थरासकट नोंदली म्हणून.

वहीत थराचा नंबर, वरचा-खालचा थर, रेघ दिसली की नाही आणि हाड रुतलेलं होतं की सुटं, हे तिथंच उभं राहून लिहा, घरी येऊन नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, आणि हाड तिथंच राहू देऊन जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सरांना फोन करा.