पेटीवरून रॉक अँड रोल पियानोकडे: आधी डावा हात

पुण्यात पियानोकडे वळणारे बरेच जण आधी पेटी वाजवून आलेले असतात. उजवा हात तयार, कान पक्का. डाव्याने मात्र आजवर फक्त भाता हलवलेला. रॉक अँड रोलचा सगळा डोलारा उभा असतो तो नेमका या डाव्यावर. म्हणून पहिले सहा आठवडे उजवा हात मांडीवर ठेवायचा. कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता नाही.

वाद्य ८८ पट्ट्यांचं, हॅमर-अ‍ॅक्शनचं डिजिटल घ्या, म्हणजे पट्टीला खऱ्या पियानोसारखं वजन मिळतं. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर सूर कळतात, पण पट्टीला वजन नसल्यामुळे आघाताची सवय लागत नाही, आणि खऱ्या पियानोवर बसल्यावर दहा मिनिटांत हात भरून येतात. एक्स आकाराचा स्टँड या वादनात डोलतो. चार पायांचा घ्या. फ्लॅटमध्ये हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावर ठकठक ऐकू जाते, कारण ती स्टँडमधून फरशीत उतरते. पायांखाली जाड रबरी मॅट घाला.

जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो, मिळत असेल तर आधी झाकण उघडून नमद्यांना (हातोड्यांवरच्या जाड लोकरी थराला) कसर लागली आहे का आणि तारा गंजल्या आहेत का ते पाहा. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा दमट असते. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर चढतो. उन्हाळ्यात उलट, सूर उतरतो. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला पियानो टेकवू नका, आणि ट्यूनिंग पावसाच्या तोंडावर न करता ऑक्टोबर संपताना करून घ्या.

आता बारा बारचा साचा, म्हणजे रॉक अँड रोल गाण्यांचं नेहमीचं आवर्तन. पांढरी एक (सी) हा सा धरा. चार बार सा, दोन बार म, दोन बार सा, मग एक बार प, एक बार म, शेवटचे दोन पुन्हा सा. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं. डावी करंगळी सा वर, तर्जनी प वर, अंगठा ध वर. सा-प एकत्र दोनदा, सा-ध एकत्र दोनदा, हेच पुन्हा. एका बारात आठ आघात. म आणि प आले की हाताची हीच ठेवण तशीच सरकते, एकही काळी पट्टी लागत नाही. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, मिनिटाला ७२ वर ठेवा. सलग तीन आवर्तनं न अडखळता झाली की ४ ने वाढवा. हात दुखला तर दोष बहुधा अंगठ्याचा असतो: तो हवेत ताठ राहतो. मनगट कुलपात किल्ली फिरवल्यासारखं किंचित फिरलं पाहिजे.

हे १२० ला बसलं की दुसरी चाल घ्या: सा ग प ध, कोमल नि, ध प ग. कोमल नि तर्जनीने, अंगठ्यावरून ओलांडून.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते समेवर. आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर जोर देतो. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्यावर हवा. मेट्रोनोम निम्म्या वेगाने लावून त्याची टिकटिक दोन आणि चार समजा. दोन दिवस डोकं फिरतं, मग बसतं.

उजव्या हातासाठी तिघा अमेरिकन रॉक अँड रोल पियानोवादकांना ऐका. फॅट्स डॉमिनोच्या १९५६ च्या ‘ब्लूबेरी हिल’मध्ये मात्रेला तीन स्वर आहेत, तिस्र जातीचा कान असलेल्यांना हे सोपं जातं, म्हणून सुरुवात इथून. लिटल रिचर्डचे आघात मात्रेला सरळ दोन, झोका न देता. जेरी ली लुईस शेवटी, कारण त्याच्याकडे या दोन्हींबरोबर घसरपट्टीही आहे: पट्ट्यांवरून सर्रकन नेलेला हात. वर जाताना मधल्या बोटांची नखं, खाली येताना अंगठ्याचं नख. नखाऐवजी कातडी लागली तर पहिल्याच दिवशी रक्त येतं. पट्टी पूर्ण दाबायची नसते, वरवर खरवडायची असते. कोमल ग वरून शुद्ध ग वर तेच बोट घसरवणं ही आणखी एक खास जागा. काळीवरून पांढरीवर घसरता येतं, उलट नाही.

कार्यक्रमासाठी गाणी निवडताना सगळी जलद घेऊ नका, तिसऱ्या गाण्यालाच मनगट थकतं. अल्पवयीन नातलग मुलीशी केलेलं लग्न १९५८ मध्ये गाजल्यावर लुईसची मागणी कोसळली, ती १९६८ मध्ये परत आली संथ कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या) गाण्यांवर. चार जलद गाण्यांमागे एक संथ असू द्या.

बँडमध्ये गिटारवाले पांढरी तीन (ई) किंवा पांढरी सहा (ए) मागतात; बोटांना ती अडचणीची, म्हणून सगळं आधीपासून तिथेही घोटून ठेवा. आणि बास गिटार असेल तर तुमचा एवढा कमावलेला डावा त्याच्याशी भांडतो, खालच्या सप्तकात नुसता गाळ होतो. तेव्हा बारच्या सुरुवातीला फक्त मूळ स्वर वाजवा, किंवा डावा एक सप्तक वर घ्या.