अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचं बर्थ सर्टिफिकेट काढताना या चुका टाळा

अमेरिकेत केंद्र सरकारकडे जन्मांची नोंदवहीच नाही. नोंदी ठेवतात ती राज्यं, आणि राज्यांच्या वतीने काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) आणि शहरं. फॉर्म, फी, कोणाला प्रत मिळेल याचे नियम, सगळं राज्यागणिक बदलतं. त्यामुळे डॅलसच्या मैत्रिणीने सांगितलेली पद्धत सॅन होजेमध्ये चालेलच असं नाही, आणि बहुतेक घोळ अशा ऐकीव माहितीवरूनच होतात.

हॉस्पिटलचा कागद म्हणजे दाखला नव्हे

डिस्चार्जच्या वेळी बाळाच्या पावलांचे ठसे, सोनेरी कडा आणि हॉस्पिटलचं बोधचिन्ह असलेला एक देखणा कागद मिळतो. तो आठवण म्हणून जपून ठेवा. अमेरिकी पासपोर्टच्या खिडकीवर त्याचा उपयोग शून्य. तिथे लागते ती शहर, काउंटी किंवा राज्याने दिलेली सर्टिफाइड कॉपी. तिच्यावर बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची पूर्ण नावं, निबंधकाची सही, देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का आणि नोंद दाखल झाल्याची तारीख असावी लागते. ही तारीख जन्मापासून एक वर्षाच्या आतली हवी.

चुकीच्या ऑफिसला अर्ज

नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, तुम्ही राहता तिथे नाही. घर न्यू जर्सीत आणि बाळंतपण मॅनहॅटनमध्ये, असं असेल तर न्यू जर्सीच्या राजधानीला, ट्रेंटनला अर्ज करून काहीही हाती लागणार नाही. न्यूयॉर्कचा घोळ तर त्याहून मोठा. न्यूयॉर्क शहराचं नोंदणी खातं राज्यापेक्षा वेगळं आहे. ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स, मॅनहॅटन आणि स्टेटन आयलंड या पाच बरोंतला जन्म शहराच्या आरोग्य खात्याकडे नोंदतात, तर लाँग आयलंडमधला राज्याकडे. पत्त्यात ‘न्यूयॉर्क’ दिसलं म्हणून अर्ज राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला धाडणारे कमी नाहीत.

कुठे अर्ज करायचा ते पाहायला सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. तिथूनच पुढे जा. नुसतं गूगलवर शोधलं तर वरच्या जाहिरातींत सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स येतात. त्या तुमचाच अर्ज जास्त पैसे घेऊन पुढे पाठवतात. व्हायटलचेक ही कंपनी मात्र बऱ्याच राज्यांनी अधिकृतपणे नेमलेली आहे. तिचं सेवाशुल्क वेगळं पडतं, पण काम रीतसर होतं.

शॉर्ट फॉर्म आणि ‘माहितीपुरती’ प्रत

टेक्सससारख्या काही राज्यांत दोन प्रकारच्या प्रती मिळतात. शॉर्ट फॉर्म म्हणजे नोंदीचा गोषवारा, लाँग फॉर्म म्हणजे पूर्ण नोंद. शॉर्ट फॉर्मवर आईवडिलांची नावं किंवा नोंदीची तारीख नसेल तर पासपोर्टचा अर्ज तिथेच अडतो, कारण सोळा वर्षांखालच्या मुलासाठी हाच कागद आईवडिलांशी असलेल्या नात्याचा पुरावा असतो. ओसीआयसाठीही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) दोघांची नावं लागतात. थोडे पैसे वाचवायला शॉर्ट फॉर्म घेण्यात अर्थ नाही. लाँग फॉर्मच मागा.

कॅलिफोर्नियात आणखी एक खाच आहे. तिथे ‘ऑथोराइज्ड’ आणि ‘इन्फर्मेशनल’ अशा दोन प्रती असतात. दुसरीवर ओळख पटवण्यासाठी हा कागद वैध नाही असं ठळक छापलेलं असतं. फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण केली की तीच घरी येते आणि पैसे परत मिळत नाहीत. ऑथोराइज्ड प्रत आईवडिलांबरोबर आजीआजोबा, भावंडं आणि जोडीदारही मागू शकतात. मदतीला आलेल्या आजी काउंटीच्या खिडकीवर गेल्या तरी चालतं, फक्त त्यांचा पासपोर्ट बरोबर हवा.

नावं: खरी गोची इथे

सर्टिफिकेटवरच्या चुका ऑफिसात होत नाहीत. त्या हॉस्पिटलच्या खोलीत, दोन रात्री झोप न झालेल्या अवस्थेत भरलेल्या वर्कशीटवर, म्हणजे जन्माच्या माहितीच्या फॉर्मवर होतात. क्लार्क ते टाइप करून राज्याकडे पाठवतो. पाठवण्याआधी तो छापील मसुदा दाखवतो, तो अक्षर न् अक्षर वाचा. सही करण्याआधीची दुरुस्ती दोन मिनिटांची असते. नंतर तीच पुराव्यांसह अर्ज, फी आणि कित्येक आठवड्यांची होते.

पहिला प्रश्न बारशाचा. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात, पण क्लार्क डिस्चार्जच्या आधीच विचारायला येतो. नाव रिकामं ठेवता येतं, पण ते नंतर नोंदीत घालायला वेगळा अर्ज लागतो. शिवाय नाव नसेल तर हॉस्पिटलमार्फत होणारा सोशल सिक्युरिटी नंबरचा (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाचा) अर्ज पुढे सरकत नाही. कायदेशीर नाव आधी ठरवून ठेवा आणि कुजबूज बाराव्या दिवशी करा. पाळण्यातलं नाव वेगळं असलं म्हणून काही बिघडत नाही. वर्कशीटवर सोशल सिक्युरिटीसाठी वेगळा चौकोन असतो, त्यात खूण करायला विसरू नका.

दुसरा प्रश्न आईच्या नावाचा. फॉर्म आईचं ‘पहिल्या लग्नाआधीचं नाव’ विचारतो, आणि छापील प्रतीवर बहुतेक ठिकाणी तेच येतं. समजा माहेरचं नाव अनघा सुधीर जोशी आणि पासपोर्टवर अनघा मंदार लेले. फॉर्मवर सासरचं नाव ठोकून दिलं तर नोंदच चुकीची होते. माहेरचं लिहिलं तर नोंद बरोबर, पण पासपोर्टशी जुळत नाही. बरोबर काय, तर माहेरचं नावच. दुवा जोडायला विवाहाचा दाखला तयार ठेवा, तो ओसीआयच्या कागदांत लागतोच. अर्धं माहेरचं, अर्धं सासरचं असं ‘अनघा मंदार जोशी’ मात्र लिहू नका. त्या नावाचा एकही कागद जगात नसतो.

तिसरी गोष्ट मधल्या नावाची. भारतीय पासपोर्टवर ‘मंदार विनायक’ हे दोन्ही शब्द गिव्हन नेमच्या एकाच रकान्यात असतात. अमेरिकी फॉर्मवर फर्स्ट, मिडल आणि लास्ट असे तीन रकाने. घाईत मिडल रिकामं सोडलं की वडिलांचं नाव सर्टिफिकेटवर एक आणि पासपोर्टवर दुसरं होतं. पासपोर्ट उशाशी ठेवूनच फॉर्म भरा. बाळाच्या मिडल नेममध्ये वडिलांचं नाव घालायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की सगळ्या कागदांवर तेच हवं.

तारखांकडेही लक्ष द्या. इथे महिना आधी लिहितात. ७ एप्रिलला जन्मलेल्या आईने सवयीने ०७/०४ लिहिलं तर नोंदीत ४ जुलै होतो आणि वाचणाऱ्या कोणालाच त्यात काही खटकत नाही.

दुरुस्ती करावी लागलीच तर ती नेहमी मूळ कागदावर दिसेल अशी अपेक्षा धरू नका. कॅलिफोर्नियात बहुतेक साध्या दुरुस्त्या दुसरं पान म्हणून जोडल्या जातात आणि दाखला दोन पानांचा होतो. दोन्ही पानं मिळून एकच दस्तऐवज. फक्त पहिलं पान स्कॅन करून पाठवलं की जुनीच चूक समोर जाते.

टपालाने पाठवलेला अर्ज परत का येतो

कारणं ठरलेली असतात: सही राहिली, ओळखपत्राची मुदत संपली, चेक चुकीच्या नावाने काढला किंवा पाकिटात रोख पैसे घातले. कॅलिफोर्नियात टपालाने ऑथोराइज्ड प्रत मागायची तर शपथपत्र नोटरीसमोर सही केलेलं लागतं. घरीच सही करून नोटरीकडे जाऊ नका. फी अर्ज करण्याच्या दिवशी पाहा, जुन्या फॉर्मवरची नको.

‘नोंद सापडली नाही’

बहुतेक वेळा घाई झालेली असते. हॉस्पिटलने पाठवलेली नोंद दाखल होऊन प्रत देण्याजोगी व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज करण्याआधी फोन करून नोंद आली का ते विचारा. शोधाची फी नोंद न सापडली तरी सहसा परत मिळत नाही. न्यूयॉर्क शहरात नवजात बाळाची पहिली प्रत टपालाने आपोआप येते, तेव्हा हॉस्पिटलला दिलेला पत्ता अपार्टमेंट नंबरासकट बरोबर हवा.

मोठ्या माणसाची नोंद खरोखरच नसेल तर राज्याकडून तसं पत्र मिळतं. ते पत्र, लहानपणीचे शाळेचे किंवा डॉक्टरांचे कागद आणि डीएस-१० हे जन्माचं शपथपत्र यांवर पासपोर्टचा अर्ज करता येतो.

अपॉस्टिलसाठी कोणाची सही?

भारतात दाखवायच्या कागदावर अनेकदा अपॉस्टिल मागतात, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. ते वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं देत नाही. जन्माच्या दाखल्यावर ज्या राज्याने दाखला दिला तेच राज्य ते देतं, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय. आणि ते कार्यालय पाहतं एकच गोष्ट: दाखल्यावरची सही आपल्या यादीतल्या अधिकाऱ्याची आहे का.

इथे कॅलिफोर्नियातली मंडळी फसतात. नवजात बाळाची पहिली प्रत अनेकदा काउंटीच्या आरोग्य विभागाकडून मिळते आणि तिच्यावर आरोग्य अधिकाऱ्याची सही असते. ती सही काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते, नाहीतर काउंटी रेकॉर्डरची किंवा राज्याची प्रत काढावी लागते. टेक्ससमध्ये अपॉस्टिलसाठी दिलेली प्रत गेल्या पाच वर्षांत काढलेली हवी. न्यूयॉर्क शहराच्या दाखल्याला लाँग फॉर्मबरोबर ‘लेटर ऑफ एक्झेम्प्लिफिकेशन’ (प्रत खरी असल्याचं पत्र) मागावं लागतं. मग न्यूयॉर्क काउंटी क्लार्कचं प्रमाणपत्र आणि शेवटी राज्याचं अपॉस्टिल. हे पत्र दाखल्याच्या अर्जातच मागितलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून हे काम होत नाही. अपॉस्टिल लागल्यावर पिना काढून स्कॅन करणं हाही वेडेपणा, कारण सुटे केलेले कागद नाकारले जातात.

जपताना

लॅमिनेशन करू नका. उठावदार शिक्का आणि कागदाची सुरक्षाचिन्हं हाताने तपासता येत नाहीत म्हणून काही कार्यालयं लॅमिनेटेड दाखला घेतच नाहीत. सुरुवातीलाच तीन प्रती काढा: एक पासपोर्टसाठी, एक अपॉस्टिल करून, एक घरी. पासपोर्टच्या अर्जाला जोडलेली प्रत परत मिळते, पण बऱ्याचदा पासपोर्टनंतर काही दिवसांनी, वेगळ्या पाकिटातून. पासपोर्ट आला आणि दाखला दिसला नाही म्हणून लगेच नवा मागवू नका.