स्पोर्ट्स कारचे टायर रोटेट करायचे का? आधी टायर वाचा, मग जॅक काढा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एक मित्र त्याची फोर्ड मस्टँग घेऊन हवा चेक करायला एका टायरवाल्याकडे गेला, तिथल्या पोराने हवा भरता भरता विचारलं "सर रोटेशन करून टाकू का, दहा हजार झाले असतील ना", आणि हा नेमका फोनवर, त्यामुळे "हां कर कर" म्हणून मोकळा झाला. रोटेशन म्हणजे टायर सगळे सारखे झिजावेत म्हणून चाकांच्या जागा आपसात बदलणं. तासाभराने गाडी घेऊन माझ्याकडे, म्हणे काहीतरी वेगळंच वाटतंय रे, मागून बसल्यासारखी वाटतेय. मी उकिडवा बसून टायरवरचे रुंदीचे आकडे (मिमीमध्ये) वाचले तर पुढे २७५ आणि मागे २५५. म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे, अगदी मनापासून केलेलं काम. पोराला तरी काय बोलणार, दिवसभर त्याच्यासमोर स्विफ्ट, डिझायर, इनोव्हा येतात, तिथे चारही टायर सारखेच असतात.

तर भारतात २०१६ ला आलेल्या मस्टँग जीटीला पुढे २५५/४० आर१९ आणि मागे २७५/४० आर१९ टायर आहेत (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, ४० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, १९ म्हणजे रिमचे इंच). नटांची भोकं सारखी असल्यामुळे चाकं आरामात बसतात, आणि घोळ तिथेच होतो, कारण बसतंय म्हणजे बरोबर असं वाटतं. पण हिशोब केला तर मागच्या टायरचा व्यास पुढच्यापेक्षा १६ मिमी जास्त आहे. अदलाबदल केली की गाडीचं नाक वर, शेपूट खाली, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) आणि ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक जागेवर घसरत फिरू न देणारी) चाकांच्या वेगाचं गणित उलटं मिळतं, आणि ज्या मागच्या चाकांना इंजिनाची सगळी ताकद जाते तिथेच रबर कमी. पुढे-मागे वेगळं माप असलं की त्याला स्टॅगर्ड म्हणतात, आणि स्टॅगर्ड गाडीत पुढे-मागे रोटेशन नाहीच, विषय संपला. पोर्शे ७१८ केमन तशीच (साध्या केमनला पुढे २३५, मागे २६५), ९११ तशीच, निसान जीटीआर पण तशीच.

पण सगळ्याच स्पोर्ट्स गाड्या अशा नसतात. माझी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस (तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर घरात पण वाद आहे, तो इथे नको) चारही टायर एकाच मापाचे. माझदा एमएक्स-५ (तिलाच मियाटा म्हणतात) किंवा टोयोटा जीआर८६ पण चारही सारखे, त्यामुळे अमेरिका ऑस्ट्रेलियाकडे असलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी मियाटा घेऊन बसलं असेल तर तुम्ही बिनधास्त रोटेट करा, फक्त एक गोष्ट बघून. टायरचं माप सारखं असलं तरी रिम सारखी असेलच असं नाही, विशेषतः सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने बाहेरच्या रिम टाकल्या असतील तर. रिमच्या आतल्या बाजूला किंवा मागे रुंदी आणि ईटी म्हणजे ऑफसेटचा (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा) आकडा कोरलेला असतो, तो चारही रिमवर सारखा आहे का बघा. नसेल तर गाडी स्टॅगर्डच समजा.

आता टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते. इंग्रजीत रोटेशन आणि शेजारी बाण असेल तर तो टायर डायरेक्शनल, एकाच दिशेने फिरायला बनवलेला, नक्षी सहसा व्ही आकाराची, पाणी बाहेर फेकायला. तो उलटा फिरवलात तर कोरड्यात पटकन कळणार नाही पण एक्सप्रेसवेला मुसळधार पावसात कळेल, आणि तेव्हा कळून उपयोग नाही. हे टायर फक्त त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे. आउटसाइड-इनसाइड लिहिलेलं असेल तर तो असिमेट्रिक, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस तसा आहे. याला फिरण्याची दिशा नसते, फक्त आउटसाइड बाहेर राहिलं पाहिजे, त्यामुळे हा डावीकडून उजवीकडे नेला तरी चालतो. काहीच लिहिलेलं नसेल तर कसाही.

चारही सारखे आणि बाण नसेल तर: फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे दोन सरळ मागे जातात आणि मागचे दोन पुढे येताना बाजू बदलतात. रिअर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्हमध्ये याच्या बरोब्बर उलटं, मागचे सरळ पुढे आणि पुढचे बाजू बदलून मागे. लक्षात ठेवायला सोपं, ज्या चाकांना ताकद जाते ती सरळ जातात, बाकीची फुली मारतात (ऑल व्हीलमध्ये ताकद चारही चाकांना, तिथे मागची सरळ धरा).

स्टॅगर्डवाल्यांना आता वाटेल आपल्या हाती काहीच नाही. थोडं आहे. या गाड्यांचा टायर बहुतेक वेळा आतल्या कडेने खाल्लेला असतो, कारण कंपनीनेच चाकं वरून किंचित आत झुकवलेली असतात, कॅम्बर म्हणतात त्याला, वळणावर पकड मिळावी म्हणून. बाहेरून बघितलं तर टायर नवाकोरा, आत हात घातला तर गोटा. अशा वेळी चाक नुसतं डावीकडचं उजवीकडे लावून काही होत नाही, आतली कड आतच राहते. पण डायरेक्शनल टायर रिमवरून उतरवून दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवला तर बाणाची दिशा बरोबर राहते आणि खाल्लेली कड बाहेर येते. कागदाची चकती घेऊन त्यावर बाण काढून करून बघा, मला पण पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. यात परत बॅलन्सिंग करावं लागतं, टायर उतरवताना कडेला इजा होऊ शकते, म्हणून अर्धं आयुष्य शिल्लक असेल तरच करा. असिमेट्रिकला हा रस्ता बंद, त्याची आतली कड कायम आतच. त्यांना उपाय एकच, वर्षातून एकदा तरी अलाइनमेंट नीट करून घेणं, त्यातही टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते. टो बिघडला की टायर रस्त्यावर तिरका घासत जातो आणि मग कितीही फिरवाफिरवी करा, उपयोग शून्य.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे स्पोर्ट्स कारचा टायर घासून मरतच नाही बऱ्याचदा, म्हातारा होऊन मरतो. रविवारी सकाळी लोणावळा आणि परत, वर्षाला तीन चार हजार किमी. टायरवर लंबगोलात तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा टायर सहा-सात मिमी नक्षी दाखवत असेल पण रबर कडक झालंय, त्याला रोटेट करून काय मिळणार, बदला.

रोटेट करायचंच असेल तर लवकर आणि नियमित, साधारण ५ ते ८ हजार किमीला. आधी मोजा. नक्षीची खोली मोजायचं ट्रेड डेप्थ गेज स्वस्तात मिळतं, प्रत्येक टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मध्ये जास्त घासलाय तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्यात तर हवा कमी. पुढे ३ मिमी आणि मागे ६ मिमी असं झालं असेल तर मात्र रोटेट करू नका, वेळ गेली. घासलेली जोडी मागे टाकलीत तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट आधी सुटणार, आणि पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, मागची सुटली तर गाडी फिरते, त्यामुळे चांगली जोडी कायम मागे, फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, पण आपल्या पावसात मी ३ मिमीच्या खाली जात नाही.

घरी करणार असाल तर लो प्रोफाइल जॅक आणि रबरी पॅड हवा, नाहीतर खालची पट्टी चेपणार. सपाट जागा, हँडब्रेक, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना वीट, आणि नट ढिले करायचे ते गाडी उचलायच्या आधी. एका वेळी दोन चाकं काढायची तर जॅक स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम नको. काढलेल्या चाकाच्या आत खडूने पुडा, पुउ, माडा, माउ असं लिहा, चार चाकं भिंतीला टेकवल्यावर कुठलं कुठलं ते हमखास विसरायला होतं. हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा. ऑक्टाव्हिया, पोर्शे यांना नट नसून बोल्ट असतात, म्हणजे शेवटचा बोल्ट काढला की चाक थेट पायावर, त्यामुळे बोल्टच्या जागी लावायची लांब गाइड पिन घेऊन ठेवा.

परत लावताना आधी हाताने, मग पाच टोकांच्या चांदणीसारखं समोरासमोर, आणि शेवटची ओढ टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने: ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन मीटर, केमनला १६०, मस्टँगला २०४. दुकानात एअर गनने टर्रर्र करून देतात तेव्हा तिथेच थांबून रेंच मागा, मागितल्यावर वाईट तोंड करतात पण देतात. हवा दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरप्रमाणे, गार टायरमध्ये, कारण पुढे-मागे आकडा वेगळा असू शकतो आणि चाकाबरोबर जुनी हवा पण जागा बदलते. ऑक्टाव्हियाची सिस्टीम हवा थेट मोजत नाही, चाकाच्या फिरण्यावरून अंदाज लावते, त्यामुळे स्क्रीनवरून ती रीसेट करायची, नाहीतर दोन दिवसांनी उगाच दिवा लागेल. पहिले काही दिवस टायरचा आवाज थोडा वाढतो, घाबरू नका. पन्नास-शंभर किमी झाले की नट परत एकदा टॉर्कने बघा, आणि लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाची) ती छोटी चावी आठवणीने डिकीत परत टाका, आमची एकदा टायरवाल्याच्या पान्यातच अडकून राहिली होती आणि ते आम्हाला कळलं पुढच्या पंक्चरला, रात्री, खंबाटकीत.