शिडीची गाडी शिकवताय? मग आधी पाय शिकवा

अग्निशमन दलात नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी असते, टर्नटेबलवरच्या, म्हणजे शिडी जिच्यावर फिरते त्या चकतीवरच्या सीटवर. तिथं बसायचं, जॉयस्टिक हलवायची आणि शिडी सरसर वर. मी पहिले दोन दिवस कुणालाच तिथं बसू देत नाही, पोरं चिडतात, चिडू देत. शिडीच्या गाडीवर जे वाकडं होतं ते बऱ्याचदा शिडी उचलायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, गाडी कुठं उभी केली आणि तिचे पाय, म्हणजे बाजूला उघडून जमिनीवर टेकायचे जॅक, कशावर टेकले यावर.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे उंच जाणाऱ्या कुठल्याही गाडीला लोक स्नॉर्केल म्हणून मोकळे होतात. टर्नटेबल लॅडर म्हणजे टीटीएल, यात सरकत लांब होणारी खरीखुरी शिडी असते, पटकन लागते आणि गरज पडली तर माणसं तिच्या पायऱ्यांवरून एकामागे एक उतरू शकतात. हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म म्हणजे क्रेनसारखा बूम आणि टोकाला पिंजरा, लावायला वेळ जातो पण पिंजऱ्यात जास्त वजन चालतं. मुंबईत ९० मीटरचा फिनलंडच्या ब्राँटो कंपनीचा प्लॅटफॉर्म आहे. दोन्हीचं ट्रेनिंग वेगळं धरा, एकावर हात बसला म्हणून दुसरी येते असं नाही.

ड्रायव्हिंगपासून सुरू करा. यंत्रचालक म्हणून येणाऱ्याकडे हेवी लायसन्स असतं, ट्रक चालवलेला असतो, त्यामुळे त्याला वाटतं यात काय नवीन. नवीन हे की वजन वर आहे, ट्रकसारखं पसरलेलं नाही, वळणावर जोरात घेतली तर गाडी झुकते ते सीटवरच कळतं. आणि काही गाड्यांत शिडीचं टोक किंवा पिंजरा केबिनच्याही पुढे येतो, म्हणजे तुमची काच बसच्या मागे थांबली तरी पिंजरा बसमध्ये. मागची बाजूही चाकांच्या बरीच पलीकडे असते, डावीकडे वळवलं की मागचं उजवं कोपरं बाहेर फेकलं जातं, तिथं रिक्षा उभी असली की संपलं.

यासाठी मोकळ्या मैदानात रस्त्यावर ठेवतात तसले ट्रॅफिक कोन लावा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १००२ क्रमांकाच्या मानकात (ते आता एनएफपीए १०१० मध्ये सामावलंय) नागमोडी चालवणं, गल्लीत रिव्हर्स घालणं, अरुंद जागेत गाडी फिरवून बाहेर काढणं आणि हळूहळू आवळत जाणाऱ्या दोन रांगांमधून न शिवता जाणं असे सराव आहेत, ते आपल्या गल्ल्यांना तर फारच लागू. पहिल्यांदा घड्याळ लावू नका. रिव्हर्सला खाली एक माणूस ठेवायचाच आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, आवाज येतोय म्हणून चालत राहायचं नाही. गाडीची उंची आणि वजन केबिनमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवा आणि तोंडपाठ करून घ्या, फूटओव्हर ब्रिजखाली आठवत बसायला वेळ नसतो. सायरन चालू आहे म्हणजे चौक रिकामा आहे असं नाही हेही घोकून घ्या.

आता खरी गोष्ट, जागा. मी पोरांना गाडीशिवाय सोसायट्यांत नेतो, पायी. गेटवर उभं करतो आणि विचारतो, सांग, गाडी कुठं लागेल? शंभरातले नव्वद जण केबिन कुठं थांबेल ते दाखवतात. चूक. टर्नटेबलचा मधोमध बिंदू कुठं येईल ते दाखवायचं, कारण शिडी तिथून निघते. फार जवळ घेतली तर शिडी इतकी उभी होते की कोनाची मर्यादा संपते, फार लांब घेतली तर आडवा पल्ला संपतो. खडूनं जमिनीवर तो बिंदू काढायला लावा आणि मग जॅक उघडल्यावर किती रुंदी लागते ते पावलांनी मोजायला लावा.

मग वर बघायला लावा. केबल, बॅनर, गुलमोहर, गणपतीत मांडव. मुंबई शहरात विजेच्या तारा बहुतेक जमिनीखाली आहेत, पण बाहेर पडलात की डोक्यावरच असतात. तार दिसली की वीज बंद केल्याची खात्री विजेच्या माणसाकडून होईपर्यंत ती चालू आहे असंच धरायचं. आणि गाडीला करंट लागलाच तर खालच्यानं गाडीला हात लावायचा नाही, वरच्यानं आहे तिथंच थांबायचं. गाडीलाच आग लागली आणि उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय घासत लांब जायचं. हे कोरडं सांगून उपयोग नाही, उडी मारून दाखवायला लावा, हसतात पण लक्षात राहतं.

मग खाली बघा, इथं मी अर्धा दिवस घालवतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीभोवतीची जागा ४५ टनांपर्यंतची फायर इंजिन पेलेल अशी असावी असं म्हटलंय. कागदावर. प्रत्यक्षात पेव्हर ब्लॉकखाली काय आहे ते सेक्रेटरीलाही माहीत नसतं, पोडियमखाली दोन मजली पार्किंग असतं, सेप्टिक टँकवर झाडाची कुंडी ठेवलेली असते. आणि गाडीचं सगळं वजन चार पायांवर येतं, शिडी एका बाजूला वळवली की त्याच बाजूच्या पायांवर जास्त. एका सरावात, कुठल्या शहरात ते सांगत नाही, एक जॅक गटाराच्या कडेला टेकला होता, शिडी त्या बाजूला फिरली आणि कड कुरकुरली. मी ऑपरेटरच्या मागेच होतो, शिडी आत घेतली, परत मध्ये आणली, काही झालं नाही. पण तो आवाज मी अजून विसरलो नाही, म्हणून आता प्रत्येक जॅकखाली पॅड, मऊ जागा असेल तर त्याखाली फळ्या, आणि चेंबरचं झाकण, गटाराची कड, नव्यानं बुजवलेला खड्डा यांच्या आसपास पाय टेकायचा नाही म्हणजे नाही.

क्रम रोज तोच ठेवा: हँडब्रेक, न्यूट्रल, पीटीओ (इंजिनची ताकद शिडीच्या हायड्रॉलिककडे वळवणारी जोडणी), चाकांना ठोकळे, जॅक बाहेर, पॅड, जॅक खाली, लेव्हल. टायर जमिनीवरून उचलायचे की टेकलेलेच ठेवायचे ते गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअल वाचा आणि वाचून दाखवा. अरुंद गल्लीत एका बाजूचे जॅक पूर्ण उघडत नाहीत, तेव्हा नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर त्या बाजूचा पल्ला आपोआप कमी करतो. पोराला वाटतं बिघाड झाला, म्हणून मुद्दाम एकदा तसं लावून दाखवाच.

आता बसू द्या सीटवर. आधी शिडी तिच्या आधारावरून वर उचलायची, मग फिरवायची, मग लांब करायची, आणि परत येताना उलट. सुरुवातीला एका वेळी एकच हालचाल. पिंजऱ्यात काठोकाठ भरलेली बादली ठेवा, किती पाणी सांडलं तेच मार्क. झटका देणाऱ्याचा हात दोन दिवसांत सरळ होतो. मग शिडीचं टोक ट्रॅफिक कोनवर ठेवलेल्या चेंडूपर्यंत न पाडता नेणं, मग चौथ्या मजल्याची खिडकी, मग गच्ची. खिडकीशी टोक चौकटीच्या खालच्या कडेपाशी येऊ द्या, गच्चीवर मात्र कठड्याच्या वर काही पायऱ्या हव्यात, घाबरलेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतं. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीला आग लागली तेव्हा ८४ जणांना बाहेर काढलं, त्यातले बरेच गच्चीवर अडकलेले होते, शिड्या लावून खाली आणले. अशी माणसं एकदम पिंजऱ्याकडे धावतात, म्हणून सरावात चार-पाच जणांना तसंच धावायला लावा आणि पिंजऱ्यातल्या माणसाला त्यांना मोजून आत घ्यायला लावा.

पाणी सोडणं वेगळं शिकवा. ७५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जवळजवळ साडेचार किलो पाणी मावतं, ३० मीटरला १३० किलोच्या वर, म्हणजे दोन माणसं शिडीला न सांगता येऊन लटकली. शिवाय ३० मीटर उंचीवर पाणी पोचवायलाच ३ बार दाब खर्च होतो, तो पंपवाल्यानं आधीच धरायचा. लाइन हळू भरा, मॉनिटर, म्हणजे टोकाची पाण्याची तोफ, झपकन आडवा फिरवू नका, पाण्याचा धक्का उलटा शिडीलाच बसतो. वाऱ्याचंही तसंच. बऱ्याच युरोपीय गाड्यांना १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा असते, आणि पावसाळ्यात खाली झाडाचं पान हलत नसताना वर तेवढा वारा सहज असतो. वाऱ्याचा आकडा पिंजऱ्यातल्यानं बघायचा, खालच्यानं अंदाज करायचा नाही.

वर माणूस असताना खालच्या ऑपरेटरनं जागा सोडायची नाही, लघवीलासुद्धा नाही. इंटरकॉम मुद्दाम बंद करून हाताच्या खुणांवर एक ड्रिल घ्या. आणि इंजिन बंद करून इमर्जन्सी पंपानं शिडी खाली आणायला प्रत्येकाला लावा, याला वेळ फार जातो म्हणून बरेच जण हे टाळतात. एकदा रात्री, एकदा पावसात.

परीक्षेला मी आगीची वर्दी दिल्यासारखा पत्ता देतो, पूर्ण प्रकार करायला लावतो, आणि शिडी खाली बसल्यावर, जॅक आत गेल्यावर, पोरगं घाम पुसत केबिनमध्ये चढलं की काही बोलत नाही. नुसता मागे जाऊन उभा राहतो. रस्त्यावर एक पॅड राहिलेलं असतंच.